एसपीओटू ९९, तरी रुग्ण गुंगीत : सीओपीडीच्या एका रुग्णाची शुश्रूषा

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागातलं ३० खाटांचं एक ग्रामीण रुग्णालय. रात्रपाळीला एक परिचारिका, एक कक्षसेवक. वैद्यकीय अधिकारी आवारातल्या क्वार्टरमध्ये, फोनवर. एक्स-रे दिवसा होतो. रक्तातले वायू तपासायची, म्हणजे एबीजीची सोय नाही. मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं बायपॅप मशीन नाही. या सोयी असलेलं रुग्णालय मिरजेला, तासाभराच्या अंतरावर. रुग्णाचं नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. वॉर्डात सगळे तिला मावशी म्हणत, आपणही तेच म्हणू.

मावशींचं वय ६१, वजन ४१ किलो, शेतमजुरी. पाच-सहा वर्षांपासून हिवाळ्यात खोकला, सकाळी बेडका, चढ आला की दम. जुन्या केसपेपरवर ‘दमा’ असं लिहिलेलं आणि त्याखाली ‘धूम्रपान नाही’. विडी त्यांनी कधीच ओढली नव्हती, त्यामुळे शेरा खोटा नाही. पण चाळीसेक वर्षं चुलीसमोर गेलेली, जळण तुराट्या, धसकटं आणि बाभळीचं. शिवाय घरची मिश्री त्या स्वतः तव्यावर भाजत, बंद स्वयंपाकघरात. केसपेपरवर धुराचा प्रश्न फक्त सिगारेटपुरता विचारला जातो, तोवर आपल्याकडच्या बायकांचा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार, ‘दमा’ म्हणूनच फिरत राहणार.

मार्च महिना, बेदाण्याचा हंगाम. मावशी शेडवर निवडणीला जात. रंग उजळावा म्हणून बेदाण्याला बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि तो श्वासनलिका लगेच आवळतो. तीन दिवसांपासून सर्दी होती, बेडका पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झालेला. अशात दुपारी धुरीची खोली उघडली तेव्हा त्या दाराजवळच बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत धाप एवढी वाढली की वाक्य पुरं होईना.

साडेआठला मुलानं जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथे बोटाला लावायच्या मशीनवर एसपीओटू, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८४ टक्के. नेब्युलायझरनं औषधाची वाफ दिली, साधा मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला आणि खासगी गाडीनं पुढे पाठवलं. चिठ्ठीवर एवढंच : ‘धाप, ८४ टक्के, ऑक्सिजन दिला.’ किती लिटरनं, कधीपासून, श्वासाचा वेग किती, शुद्ध कशी, यातलं काहीच नाही.

दाखल होताना

रात्री पावणेअकराला मावशी स्ट्रेचरवर आडव्या आल्या. साधा मास्क, ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणारा फ्लोमीटर मिनिटाला ८ लिटरवर. एसपीओटू ९९. मुलगा सुटकेनं म्हणाला, “आता बरं वाटतंय वाटतं, झोप लागलीय आईला. मघाशी पोट नुसतं भात्यागत हलत हुतं.”

परिचारिकेनं लिहिलेल्या पहिल्या नोंदी अशा : श्वास मिनिटाला १४, पूर्ण एक मिनिट मोजून. नाडी ११८, ठोका जोरकस. रक्तदाब १५८/९४. ताप ९९.६ फॅरनहाइट. हाक मारली तर डोळे उघडतात, लगेच मिटतात. नाव बरोबर, गाव चुकीचं. तळहात गरम, ओलसर. हात पुढे ताणून मनगटं मागे वाकवली की पंजे फडफडतात. छातीत सूं-सूं जेमतेम, हवा आत जाण्याचा आवाजच कमी. ग्लुकोमीटरवर साखर १४२.

साखर बघणं इथे औपचारिकता नव्हती. गुंगीतल्या रुग्णाची साखर पहिल्या पाच मिनिटांत बघायचीच. ती ठीक निघाली की पुढचा विचार मोकळेपणानं करता येतो.

अडचण

कागदावरचे आकडे पाहिले तर रुग्ण सुधारली होती. ऑक्सिजन ८४ वरून ९९, श्वासाचा वेग १४ म्हणजे पुस्तकी सामान्य. पण दोन तासांपूर्वी वाक्य पुरं न होणाऱ्या बाईचा वेग १४ वर येतो आणि छातीतला हवेचा आवाज मात्र वाढत नाही, तेव्हा ती थकलेली असते. त्यात गुंगी, गरम तळहात, जोरकस नाडी आणि पंज्यांची फडफड. ही लक्षणं कार्बन डायऑक्साइड साचल्याची. बोटावरचं यंत्र ऑक्सिजन दाखवतं. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब (सामान्यपणे ३५ ते ४५) ८० झाला तरी ते ९९ दाखवत राहील.

असं का होतं, याचं वॉर्डात सांगितलं जाणारं उत्तर बहुतेकदा अर्धवट असतं : ‘ऑक्सिजन जास्त झाला की श्वास घ्यायची प्रेरणा जाते.’ प्रेरणा थोडी कमी होते खरी, पण मोठं कारण वेगळं आहे. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या शरीर आवळून धरतं आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. ऑक्सिजनचा मारा झाला की त्या आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात, रक्त पुन्हा खराब भागात जातं आणि तिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकलाच जात नाही. शिवाय हिमोग्लोबिनला ऑक्सिजन भरपूर मिळाला की त्यानं धरून ठेवलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात सुटतो. हे कळलेलं असलं की एक चूक टळते : श्वासाचा वेग कमी होईपर्यंत थांबण्याची. काही रुग्णांचा वेग २६-२८ असतानाच ते गुंगायला लागतात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे तसं चालू ठेवून डॉक्टर येईपर्यंत थांबणं. रात्रपाळीला एकट्या असलेल्या परिचारिकेला हा सुरक्षित वाटतो, कारण काही बदललं नाही तर कुणी जाब विचारत नाही. पण इथे मिनिटागणिक साचणं चालूच होतं.

दुसरा, मास्क काढूनच टाकणं. कारण कळल्यावर घाईनं हेच केलं जातं आणि हे जास्त धोक्याचं. साचलेला कार्बन डायऑक्साइड लगेच जात नाही, ऑक्सिजन मात्र काही मिनिटांत घसरतो, आणि मूळ ८४ च्याही खाली जाऊ शकतो.

तिसरा, तोच साधा मास्क ठेवून फ्लोमीटर २ लिटरवर आणणं. वरवर शहाणपणाचा, पण सापळा. साध्या मास्कला किमान ५ लिटरचा प्रवाह लागतो. त्याखाली रुग्णानं सोडलेली हवा मास्कमध्येच राहते आणि तीच परत आत ओढली जाते. कार्बन डायऑक्साइड साचलेल्या रुग्णाला पुन्हा तोच वायू पाजण्यासारखं ते होईल.

चौथा, साधन बदलणं : नाकातल्या नळ्या १ ते २ लिटरवर, किंवा २४-२८ टक्क्यांचा व्हेंचुरी मास्क (बाहेरची हवा मिसळून ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा), आणि लक्ष्य ८८ ते ९२ टक्के.

परिचारिकेनं चौथा निवडला. व्हेंचुरीचे संच कोविडच्या वेळी आलेले, स्टोअरच्या कपाटात. किल्ली इनचार्ज सिस्टरांकडे, त्या घरी. म्हणून आधी नाकातल्या नळ्या. कक्षसेवकाला किल्लीसाठी पिटाळलं.

पहिला तास

सर्वांत आधी मावशींना उठवून बसवलं. खाटेचं डोकं पूर्ण वर, गुडघ्यांखाली उशी, समोर जेवणाचं टेबल आणि त्यावर कोपरं टेकवलेली. आडव्या अवस्थेत पोट छातीच्या पडद्याला वर ढकलतं. नुसत्या बसण्यानं श्वासाचं काम हलकं होतं. गुंगीतली बाई बसवली की एका कडेला कलते, म्हणून दोन्ही बाजूंना उशा, आणि मान पुढे पडून घसा बंद होत नाही ना याकडे लक्ष.

मास्क काढून लगेच नळ्या लावल्या, २ लिटर. मध्ये एक मिनिटाचाही खंड नाही. १० मिनिटांनी एसपीओटू ९४, म्हणून १ लिटर. आणखी २० मिनिटांनी ९०.

नळ्या लावतानाच वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन. तो निरोप जसाच्या तसा देण्याजोगा आहे : “सर, ६१ वर्षांच्या मावशी, जुना खोकला-दम, चुलीचा धूर. बाहेरून ८ लिटरवर आल्यात, दोन तास. आता एसपीओटू ९९, पण गुंगीत आहेत, हाकेला डोळे उघडतात, गाव सांगता येईना. श्वास १४, पंजे फडफडतात. साखर १४२. सीओटू साचल्यासारखं वाटतंय. मी नळ्या लावून २ लिटरवर आणलंय, ८८ ते ९२ ठेवते. तुम्ही लगेच या, पुढे पाठवावं लागेल.” ‘पेशंट सिरियस आहे, या’ एवढ्यावर डॉक्टर चप्पल घालेपर्यंत काय लागेल याचा विचार करू शकत नाहीत. या निरोपावर त्यांनी येता येताच मिरजेला फोन लावला.

परिचारिकेनं डॉक्टरांआधी ऑक्सिजन कमी करणं योग्य का? आणीबाणीत ऑक्सिजन सुरू करायला कुणी लेखी आदेशाची वाट बघत नाही. जो सुरू करू शकतो त्याला कमीही करता आला पाहिजे, फक्त लगेच कळवून आणि वेळेसह लिहून. हे रुग्णालयाच्या कायम आदेशात असावं, परिचारिकेच्या धाडसावर सोपवू नये.

वाफ हा दुसरा निर्णयाचा क्षण. भिंतीवरच्या ऑक्सिजनला नेब्युलायझर जोडला तर वाफ नीट व्हायला ६ ते ८ लिटरचा प्रवाह लागतो, म्हणजे जे आत्ता बंद केलं तेच परत सुरू. म्हणून विजेवरचं हवेचं मशीन वापरलं आणि नाकातल्या नळ्या मास्कच्या खाली १ लिटरवर तशाच ठेवल्या. हवेचं मशीन नसेल तर अशा रुग्णाला ऑक्सिजनवरची वाफ ६ मिनिटांवर थांबवावी. पहिल्या वाफेत श्वासनलिका सैल करणारी दोन औषधं, साल्ब्युटामॉल २.५ मिलिग्रॅम आणि इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम, सलाइन घालून एकूण ४ मिली; दोन मिलीवर मशीन चालवलं तर जवळजवळ निम्मं औषध कपाच्या तळाशीच राहतं. २० मिनिटांच्या अंतरानं आणखी दोनदा फक्त साल्ब्युटामॉल. कप उभा धरायचा, मध्ये मध्ये टिचकी मारायची. मास्क नाकाच्या वर सैल असेल तर इप्राट्रोपियम डोळ्यांत जातं. एकाच डोळ्याची बाहुली मोठी झाली की अर्ध्या रात्री मेंदूतल्या रक्तस्रावाची शंका सुरू होते. काचबिंदू असेल तर दुखणंच वाढतं.

डॉक्टर आल्यावर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून आणि बेडका हिरवा असल्यानं ॲलर्जी विचारून अँटिबायोटिक. ईसीजी काढला, उजव्या बाजूवर ताण दिसला, हृदयविकाराच्या झटक्याची खूण नव्हती.

नातेवाईक आणि फ्लोमीटर

सव्वाअकराच्या सुमारास मावशी जाग्या होऊ लागल्या. गावाचं नाव बरोबर सांगितलं. श्वास १४ वरून २४. छातीत सूं-सूं स्पष्ट ऐकू यायला लागली. परिचारिकेसाठी ही तिन्ही चिन्हं चांगली : हवा हलू लागली होती. मुलासाठी उलट. आई शांत झोपली होती ती आता धापतेय, आणि मशीनवर ९९ चे ९० झालेत.

परिचारिका दुसऱ्या वाफेचं औषध भरत होती तेवढ्यात त्यानं स्वतः फ्लोमीटर फिरवून ५ वर नेला. पाच मिनिटांनी एसपीओटू ९६ दिसला तेव्हा हे लक्षात आलं. हा प्रसंग प्रत्येक वॉर्डात घडतो, आणि दोष नातेवाइकावर ढकलण्यात अर्थ नाही. कोविडच्या दोन लाटांत याच माणसांना आपण शिकवलं होतं की ९४ च्या खाली गेलं की पळा.

परिचारिकेनं नळी १ वर आणली आणि दोन मिनिटं काढून समजावलं : “दादा, आईचं फुफ्फुस जुनं आजारी आहे. त्यांना ९० म्हणजे भरपूर. बागेला पाणी जादा झालं तर मुळं गुदमरतात ना, तसं यांना ऑक्सिजन जादा झाला की आतली घाण हवा बाहेर पडत नाही, मग गुंगी येते. मघाशी ती झोप नव्हती. आता तुम्ही एकच बघायचं, आई हाकेला ओ देते का. नाही दिली की मला हाक मारा. हे चाक मात्र फिरवायचं नाही.”

मग चिकटपट्टीवर मार्करनं लिहून फ्लोमीटरवर लावलं : ‘१ लिटर. ८८ ते ९२. वाढवू नका, सिस्टरला बोलवा.’ मुलाला नेमकं काम दिल्यामुळे तो बसून राहिला. नुसतं ‘हात लावू नका’ म्हटलं असतं तर पाठ वळताच पुन्हा फिरवलं असतं.

थोड्या वेळानं मावशी चिडचिड करू लागल्या, नळ्या ओढून काढू लागल्या. दुसऱ्या नातेवाइकानं झोपेचं इंजेक्शन मागितलं. नकार स्पष्ट द्यावा लागतो. अशा अस्वस्थतेचं कारण बहुधा साचलेला वायू, कमी पडलेला ऑक्सिजन, भरलेलं मूत्राशय किंवा भीती. मिडाझोलामसारख्या झोपेच्या इंजेक्शननं रुग्ण शांत होते आणि श्वासही. इथे कारण साधं निघालं : मावशींना लघवीला जायचं होतं. बेडपॅन दिल्यावर त्या शांत झाल्या.

उलट टोकाची चूकही होते, तीही सांगायला हवी. ‘सीओपीडीला ऑक्सिजन द्यायचा नाही’ असा धडा घेऊन ७८ टक्क्यांच्या रुग्णाला नुसतं बसवून ठेवलं जातं. ऑक्सिजनची कमतरता काही मिनिटांत मारते. ८८ च्या खाली द्यायचाच, मोजून द्यायचा.

ठेवायचं की पुढे पाठवायचं

मावशी जाग्या झाल्यावर ‘सकाळपर्यंत बघू’ असा विचार पुढे आला. बाजूनं मुद्दे होते : रात्रीचा प्रवास, सुधारणा दिसतेय, घरच्यांची ऐपत बेताची. विरोधात एकच, पण भारी : पंज्यांची फडफड कायम होती, रक्त अजून आम्ल असणार असा संशय होता, आणि ते मोजायचं किंवा बायपॅप लावायचं इथे काहीच नव्हतं. औषधं सुरू करूनही पीएच (तो जितका कमी तितकं रक्त जास्त आम्ल) ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर राहिला तर बायपॅप हवा. पहाटे तीनला परत गुंगी आली असती तर एक तासाचं अंतर फार पडलं असतं. पाठवायचं ठरलं.

एव्हाना व्हेंचुरीचा संच आला होता. प्रवासात नाकातल्या नळ्यांऐवजी तोच घेतला, २८ टक्क्यांचा तुकडा, ४ लिटर. कारण मावशी डुलकी लागली की तोंड उघडं ठेवून श्वास घेत, आणि नळ्यांवर मग किती टक्के मिळतंय याचा भरवसा राहत नाही. व्हेंचुरीच्या तुकड्यावर टक्के आणि त्याला लागणारे लिटर दोन्ही छापलेले असतात. जोडी तीच ठेवायची. रंग कंपनीनुसार बदलू शकतो, म्हणून रंगावर न जाता आकडा वाचायचा.

सिलिंडरचा हिशेब कागदावर केला. लहान सिलिंडरचं पाण्याचं माप १० लिटर, दाबाचा काटा ६० वर : १० गुणिले ६० म्हणजे साधारण ६०० लिटर ऑक्सिजन. ४ लिटरनं १५० मिनिटं. प्रवास ६० मिनिटांचा, दुप्पट धरले तरी १२० मिनिटं, म्हणजे पुरेल. आधीच्या ८ लिटरवर हाच सिलिंडर ७५ मिनिटांत संपला असता आणि फाटक लागलं असतं तर वाटेतच. दुसरा भरलेला सिलिंडर आणि तो उघडायची चावी, दोन्ही गाडीत आहेत याची खात्री केली. चावी विसरणं ही काल्पनिक अडचण नाही.

सोबत दिवसपाळीची दुसरी परिचारिका बोलावली, कारण वॉर्ड रिकामा सोडता येत नव्हता. हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग, मास्क आणि घशातला स्राव ओढायचं सक्शन सोबत. मावशी बसूनच. वाटेत एकदा एसपीओटू ९५ वर गेला : गार वारं लागतंय म्हणून सुनेनं शाल गळ्यापर्यंत ओढली होती आणि व्हेंचुरीची हवा आत घेणारी भोकं झाकली गेली होती. भोकं बंद झाली की बाहेरची हवा मिसळत नाही आणि टक्के वाढतात. शाल खाली केली, दहा मिनिटांत ९१.

बायपॅपवरचे दोन दिवस

मिरजेत पोचल्यावर पहिला एबीजी : पीएच ७.२७, कार्बन डायऑक्साइड ७४, ऑक्सिजन ५८, बायकार्बोनेट ३३. आम्ल झेलणारं बायकार्बोनेट हळूहळू काही दिवसांत वाढतं; ते वाढलेलं, म्हणजे साचणं काही आजचं नव्हे. आज त्यावर भर पडली होती. बायपॅप १२/५ वर (श्वास घेताना १२, सोडताना ५ एवढा दाब) सुरू केला, वरचा दाब दोन-दोननं वाढवत तासाभरात १८. तासानं पीएच ७.३२ आणि कार्बन डायऑक्साइड ६४. दुसऱ्या दिवशी सकाळी ७.३७ आणि ५६.

मशीन डॉक्टर लावतात, पण ते चालतं की नाही हे मास्कवर ठरतं, आणि मास्क परिचारिकेचा प्रांत. पहिली काही मिनिटं पट्टे न बांधता मास्क हातानं धरला, मावशींचा हातही त्यावर ठेवला. एकदम बांधला तर गुदमरल्यासारखं होतं आणि मग रुग्ण तो कधीच स्वीकारत नाही. हवा सारखी गळत होती. कारणं तीन निघाली, तिन्ही आपल्याकडच्या बायकांत नेहमीची. नाकात चमकी होती. त्यामुळे मास्कची कडा उचलली जात होती आणि खाली कातडी दाबली जात होती. मावशींना विचारून ती काढली आणि कागदात गुंडाळून सुनेकडे सही घेऊन दिली. डोक्यामागे अंबाडा होता, पट्टा त्यावरून घसरत होता. केस सोडवून बाजूला सैल वेणी घातली. आणि दात नसल्यानं गाल आत गेलेले. कवळी घरी राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी मागवून बसवल्यावर कडा नीट टेकली. जाग्या, नीट गिळणाऱ्या रुग्णाला घट्ट बसणारी कवळी ठेवता येते. गुंगीत असेल किंवा कवळी सैल असेल तर काढूनच ठेवायची.

पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढाच ताण. थोडी गळती मशीन भरून काढतं; ती शून्य करायच्या नादात पट्टे आवळले की नाकाच्या दांड्यावर जखम होते. तरीही आठ तासांनी तिथे लाली दिसलीच, मग हायड्रोकोलॉइडची पातळ पट्टी लावली. ती लाली दिसल्यावर न लावता मास्कसोबतच लावायला हवी होती. मास्कवरचं हवा बाहेर सोडणारं छिद्र कधीही झाकायचं नाही. पोट फुगतंय का, मळमळ आहे का हे दर तासाला, कारण बांधलेल्या मास्कमध्ये उलटी झाली तर ती थेट फुफ्फुसात.

पहिले २४ तास जमेल तितका वेळ मास्क, मध्ये १५-२० मिनिटांच्या सुट्ट्या. त्या सुट्टीत वाफ, तोंड पुसणं, ओठांना व्हॅसलीनऐवजी पाण्यात विरघळणारी जेली, आणि खाणं. भाकरी चावताना दम लागायचा, म्हणून आमटीत कुस्करून चार-पाच घास, ताकभात, दोन तासांनी पुन्हा. एका वेळी पोटभर दिलं की पडदा वर ढकलला जातो. बेडका सुटावा म्हणून जोरात खोकायला लावण्याऐवजी मध्यम श्वास घेऊन आरशावर वाफ सोडतात तसं ‘हा’ करत हवा सोडायला शिकवलं, दोन-तीनदा, मग एकच खोकला.

घरी सोडताना

सहाव्या दिवशी घरी सोडायच्या आधी परिचारिकेनं जुनी औषधं पिशवीतून बाहेर काढायला लावली. त्यात मशीनमधून श्वासावाटे ओढायच्या भुकटीच्या कॅप्सूलची जवळजवळ रिकामी बाटली. मशीन कुठे, असं विचारल्यावर सून म्हणाली, “मशीन न्हाई. गोळी पाण्यासंगं देतो की रोज.” दोन वर्षं मावशी ती भुकटी गिळत होत्या. बाटलीत कॅप्सूल दिसते आणि कॅप्सूल गिळायची असते. कुणी सांगितल्याशिवाय वेगळं कळणार कसं? ‘औषध नियमित घेता का’ या प्रश्नाला ‘हो’ असं खरं उत्तर दरवेळी मिळत होतं. विचारायचं ते ‘कसं घेता, करून दाखवा’.

मावशींचा श्वास आत ओढायचा जोर कमी होता, भुकटीच्या औषधाला तो लागतो. म्हणून औषधाचा फवारा देणारा पंप आणि त्याला जोडायचा पोकळ स्पेसर. पंप हलवायचा, स्पेसरला जोडायचा, एक वेळी एकच दाब, सावकाश खोल ओढून मनात दहा मोजेपर्यंत धरायचं. न जमल्यास स्पेसरमधूनच चार-पाच साधे श्वास. दुसऱ्या दाबाआधी अर्धा-एक मिनिट. स्टेरॉइड असेल तर चूळ भरून थुंकायची. स्पेसर आठवड्याला साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यायचा. पदरानं पुसला तर आत वीज साठते आणि औषध भिंतीला चिकटतं. मावशींनी तीनदा आणि सुनेनं दोनदा करून दाखवलं, तेव्हाच तो विषय संपवला.

घरात गॅस होता. स्वयंपाक त्यावर, पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवर. पूर्ण बंद होणार नाही हे दिसत होतं, म्हणून चूल घराबाहेर उघड्यावर आणि जाळ सुनेनं घालायचा, एवढं ठरलं. मिश्री घरात भाजायची नाही. मिश्री सोडण्याचं बोलणं सुरू केलं, पण त्यावर जोर दिला नाही. धुरीची खोली उघडायच्या दिवशी शेडवर जायचं नाही, असं मुकादमाला मुलानं सांगायचं.

मुलाला घरी ऑक्सिजनचं मशीन घ्यायचं होतं. साध्या हवेत एसपीओटू ९० होता. घरच्या ऑक्सिजनचा निर्णय आजार स्थिर झाल्यावर काही आठवड्यांनी तपासून घ्यायचा. धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन ५५ किंवा त्याखाली असेल तर तो दिवसाला किमान १५ तास लागतो. उगाच घेतलं तर खर्च तर आहेच, आणि तेच चाक पुन्हा मुलाच्या हातात, शेजारी चुलीचा जाळ.

शेवटी एक कार्ड दिलं : ‘सीओपीडी, कार्बन डायऑक्साइड साचतो. ऑक्सिजन व्हेंचुरी २८ टक्के किंवा नळ्या १-२ लिटर. लक्ष्य ८८ ते ९२. वाफ हवेच्या मशीनवर.’ फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लशीची नोंद मागे.

निष्पत्ती

महिन्याभरानं उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी घरी गेल्या तेव्हा मावशी सपाटीवर न थांबता चालत होत्या, एसपीओटू ९२. पंप बरोबर, स्पेसर मात्र पुसलेला. चूल बाहेर गेली होती. पावसाळ्यात पुन्हा धाप वाढून त्याच खासगी दवाखान्यात नेलं. कार्ड घरीच राहिलं होतं, पण मुलाच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो होता. नळ्यांवर २ लिटर, ९१ टक्के, दोन दिवसांत घरी. फुंकून करायची फुफ्फुसाची चाचणी, जिच्याशिवाय सीओपीडीचं निदान पक्कं होत नाही, ती अजून राहिली आहे. त्यासाठी मिरजेला जायचं म्हणजे दोघांची एक-एक दिवसाची मजुरी जाते.

काय वेगळं करता आलं असतं

खासगी दवाखान्यात ऑक्सिजन देणं बरोबरच होतं. ८४ वर द्यायलाच हवा. चुकलं ते लक्ष्य न ठरवणं आणि ९२ ओलांडल्यावर कमी न करणं. चिठ्ठीत चार नोंदी आल्या असत्या तरी ग्रामीण रुग्णालयात वेळ वाचला असता : साधन, लिटर, सुरू केल्याची वेळ, श्वासाचा वेग. गाडीत दोन तास ९९ दिसत राहिलं आणि कुणालाच ते खटकलं नाही, कारण जास्त आकडा कुणालाच खटकत नाही. नोंदींच्या तक्त्यात ९२ च्या वरच्या रकान्यालाही धोक्याचा रंग दिला तर तो खटकेल.

वाफ सुरू असताना फ्लोमीटर नजरेआड होता. एकट्या परिचारिकेनं औषध आधी भरून ठेवून मग खाटेजवळ उभं राहायला हवं होतं, किंवा नातेवाइकाला समजावण्याचं काम पहिल्या पाच मिनिटांत, ९९ चे ९० व्हायच्या आधी करायला हवं होतं. आकडा खाली येणार आहे आणि तो मुद्दाम आणतोय, हे आधी सांगितलं की घरचे सोबत राहतात. नंतर सांगितलं की ते सारवासारव वाटते.

व्हेंचुरीचा संच पाऊण तासानं मिळाला. ती प्लास्टिकची गोष्ट आपत्कालीन ट्रेमध्येच ठेवायची, तिला कपाट आणि किल्ली कशाला? या प्रकरणानंतर त्या वॉर्डात २४ आणि २८ टक्क्यांचे दोन-दोन तुकडे ट्रॉलीच्या पहिल्या कप्प्यात ठेवले जातात आणि पाळी बदलताना ॲड्रेनालिनबरोबर तेही मोजले जातात.